मॅच बंद पाडून निषेध: कुठपर्यंत चालेल?

थर्डमॅन

सप्टेंबर २०२५ मध्ये स्पेनची व्हुएल्टा सायकल शर्यत माद्रिदला शेवटच्या टप्प्यात बंद पडली, इस्राएलच्या नावाची टीम शर्यतीत होती म्हणून पॅलेस्टाइनच्या बाजूचे हजारो लोक रस्त्यावर उतरले, बॅरिकेड पाडले, आणि जिंकलेल्या विंगेगार्डला पोडियमसुद्धा धड मिळालं नाही, हॉटेलच्या पार्किंगमध्ये खोकी मांडून त्यावर उभं राहून सेलिब्रेट केलं सायकलपटूंनी. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत आणि वाद काही मिटत नाही, म्हणून इथे मांडतोय.

मी खेळवेडा माणूस आहे, मॅच थांबली की माझा जीव कासावीस होतो, तरीपण "खेळात राजकारण आणू नका" हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या टीममध्ये फक्त गोरेच खेळू शकत होते तेव्हा राजकारण आधीच खेळात होतं, ते काही निदर्शकांनी बाहेरून आणलं नव्हतं. १९६८ ला मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या, मिश्रवंशीय बेसिल डॉलिव्हेराला इंग्लंडच्या क्रिकेट टीममध्ये घेतलं म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं दौराच नाकारला. त्यानंतर १९६९-७० मध्ये त्यांची रग्बी टीम ब्रिटनमध्ये आली तेव्हा जिथे जाईल तिथे लोक मैदानात घुसत होते, पीटर हेन नावाचा कॉलेजच्या वयाचा पोरगा त्यात पुढे होता, आणि शेवटी मे १९७० ला क्रिकेटचा दौरा रद्दच झाला. लॉर्ड्सवर काटेरी तारा लावून मॅच खेळवायची तयारी चालली होती. मला ते आंदोलन बरोबर वाटतं, आजही.

पण म्हणून कोणीही, कुठल्याही कारणासाठी, कुठलीही मॅच बंद पाडावी का? इथे माझं मत वेगळं आहे. कारण किती थोर आहे हे मी बघतच नाही, कारण प्रत्येकाला आपलं कारण थोरच वाटतं. मी विचारतो, जो खेळ थांबवताय त्या खेळाचा त्या अन्यायात काही हात आहे का, आणि धोका कोणाच्या अंगावर जातोय. स्वतःच्या अंगावर घेत असाल तर तुम्हाला माझा नमस्कार. पण खेळाडूच्या, प्रेक्षकाच्या, घोड्याच्या अंगावर टाकत असाल तर नाही. म्युनिकमध्ये १५ जून २०२१ ला युरो कपच्या जर्मनी-फ्रान्स मॅचला ग्रीनपीसचा एक माणूस तेलाच्या वापराविरुद्ध निषेध करायला पॅराग्लायडर घेऊन स्टेडियमवर आला, कॅमेऱ्याच्या केबलला अडकला आणि गटांगळ्या खात मैदानात पडला, वाटेत दोघांच्या डोक्याला मार लागला. त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. पोलिसांचे स्नायपर त्याच्यावर नेम धरून होते, ग्रीनपीसचं नाव दिसलं म्हणून गोळी झाडली नाही असं तिथल्या गृहमंत्र्यांनीच सांगितलं. ग्रीनपीसनं माफी मागितली, पण डोकं फुटलेल्या माणसाचा तेलाशी काय संबंध होता?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. शिवीगाळ नको.

गल्लीक्रिकेट

मला सरळ वाटतं की नाहीच करायचं, कशासाठीच नाही. एखादा माणूस वर्षभर पैसे साठवून पोराला घेऊन मॅचला येतो, रजा टाकतो, रात्रीचा प्रवास करतो. त्याला पकडून तुम्ही का शिक्षा देताय? सरकारवर राग आहे ना, मग मंत्रालयावर जा. आणि खेळाडूंचं करिअर केवढुसं असतं! १९७५ ला इंग्लंडमध्ये हेडिंग्लेला ऑस्ट्रेलियाचा मॅकॉस्कर ९५ वर नाबाद होता, शेवटच्या दिवशी सकाळी बघतात तर पिच खणलेलं आणि त्यावर तेल ओतलेलं, मॅच ड्रॉ. कोणीतरी जॉर्ज डेव्हिस तुरुंगात होता त्याला सोडवा म्हणून. आता त्यात मॅकॉस्करचा काय दोष?

ऑकलंडकर

मी इथे ऑकलंडला बरीच वर्षं आहे. १९८१ चा स्प्रिंगबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी टीमचा, दौरा म्हटलं की अजूनही इथली साठी-सत्तरीची माणसं दोन बाजूंना होतात. नवरा स्टेडियममध्ये आणि बायको बाहेर निदर्शनात अशी घरं होती असं शेजारचे लोक सांगतात, आणि काही भावांचं बोलणं त्यानंतर कायमचं तुटलं.

२५ जुलै १९८१, हॅमिल्टन. वायकाटो या इथल्या प्रांताच्या टीमविरुद्ध मॅच. साडेतीनशेच्या आसपास लोक कुंपण तोडून मैदानाच्या मध्यात जाऊन एकमेकांच्या हातात हात अडकवून उभे राहिले. हेल्मेटं घालून आले होते, कारण मार बसणार हे माहीत होतं. प्रेक्षक संतापलेले, भरलेले बिअरचे कॅन आणि बाटल्या फेकत होते. पोलिसांनी मॅच रद्द केली, आणि मग निदर्शकांना बाहेर काढताना आणि नंतर गावातल्या रस्त्यांवर प्रेक्षकांनी त्यांना धरून धरून मारलं. ही मॅच दक्षिण आफ्रिकेत टीव्हीवर लाइव्ह दिसणार होती, लोक पहाटे उठून बसले होते, आणि त्यांना रग्बीच्या जागी हे दिसलं. मंडेला नंतर इकडे आले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की रॉबेन बेटावरच्या तुरुंगात ही बातमी पोचली तेव्हा सूर्य उगवल्यासारखं झालं.

गल्लीक्रिकेट, तुमचा तिकीट काढणारा माणूस मला समजतो, खरंच समजतो. पण त्या दिवशी हॅमिल्टनमध्ये ज्यांचं तिकीट बुडालं त्यांचं नुकसान एका दुपारचं होतं. पलीकडे लोकांचं अख्खं आयुष्य बुडत होतं. दोन्ही एकाच तराजूत कशी टाकायची?

मैदानातला

पिच खणण्यावर बोलतो, कारण ते मी घरात बघितलंय. माझे वडील मुंबईतल्या एका मैदानावर माळी होते. ग्राउंड्समन वगैरे कोणी म्हणायचं नाही, माळीच. विकेट बनवायची म्हणजे काय हे लोकांना माहीत नसतं. पाणी मारायचं, ते किती खोल गेलंय ते बोट खुपसून बघायचं, थोडं सुकू द्यायचं, रोलर, गवत कापायचं, परत पाणी, परत हलका रोलर मग जड रोलर, दुपारच्या उन्हात कधी झाकायची कधी उघडी ठेवायची, असं मॅचच्या आधी दहा-बारा दिवस चालतं. माती नीट धरली पाहिजे. ती एकदा खणली की त्या खड्ड्यात भरलेली नवी माती बाजूच्या जुन्या मातीला धरत नाही, काहीही करा. मग बॉल त्या जागेवर पडला की एकदा घोट्यापाशी राहतो आणि एकदा थेट तोंडावर येतो.

ऑक्टोबर १९९१ ला वानखेडेवर शिवसैनिकांनी पिच खणलं, पाकिस्तानची टीम येऊ नये म्हणून. दौरा रद्द झाला. जानेवारी १९९९ ला दिल्लीत कोटलावर तेच. कोटलाची कसोटी मागे ढकलली, पहिली चेन्नईला झाली आणि फेब्रुवारीत दुरुस्त केलेल्या पिचवर दिल्लीला दुसरी, ज्यात कुंबळेनं दहा घेतल्या. सगळ्यांना ते दहा आठवतात. तो खड्डा बुजवून महिन्याभरात कसोटीचं पिच उभं करणाऱ्या माळ्यांची आठवण कोणी काढत नाही, आणि एखादा बॉल उडून कोणाच्या डोळ्यावर बसला असता तर शिव्या पण त्यांनाच पडल्या असत्या. वानखेडेची बातमी आली तेव्हा वडील त्या रात्री जेवले नाहीत. पाकिस्तान येतंय का नाही याचं त्यांना काही नव्हतं, विकेट खणली याचं दुःख होतं.

सडेतोड

थर्डमॅन, तुमच्या मोजपट्टीत एक मोठं भोक आहे ते आधी बुजवा. तुम्ही म्हणता खेळाचा अन्यायाशी संबंध हवा. मग १९९१ ला काश्मीरमध्ये जे चाललं होतं, त्यामागे जो देश होता त्याच देशाची राष्ट्रीय टीम येत होती. राष्ट्रीय टीम, झेंडा घेऊन. संबंध नाही कसा? आणि अंगावर धोका म्हणाल तर पिच रिकाम्या स्टेडियममध्ये खणलं, कोणाला खरचटलं पण नाही. म्हणजे तुमच्या दोन्ही परीक्षा पास. स्प्रिंगबॉकला एक न्याय आणि वानखेडेला दुसरा, हे मला चालणार नाही. एक तर दोन्ही बरोबर म्हणा किंवा दोन्ही चूक.

थर्डमॅन

सडेतोड, प्रश्न चोख आहे, टाळत नाही. पाकिस्तानशी खेळावं का नाही यावर इथे मी काही म्हणत नाही, खेळू नका अशी मागणी करायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि बरेच शहाणे लोक ती करतात.

पण फरक सांगतो. दक्षिण आफ्रिकेच्या टीमची निवडच अन्याय होती. कातडीचा रंग बघून अकरा जण निवडले जात होते, आणि तिथलेच काळे आणि मिश्रवंशीय खेळाडू, ज्यांना त्या टीममध्ये जागा नव्हती, ते जगाला सांगत होते की यांच्याशी खेळू नका. बहिष्काराची हाक पीडितांकडून आली होती. पाकिस्तानच्या टीममध्ये असा कोणी वगळलेला गट नव्हता. ती टीम एका सरकारचं प्रतीक म्हणून निशाणा झाली. प्रतीकाचा निकष लावला तर जगातली एकही मॅच सुटणार नाही, प्रत्येक सरकारनं कोणाचं ना कोणाचं रक्त सांडलेलं आहे.

दुसरं, कोणाला खरचटलं नाही हे त्या रात्रीपुरतं खरं. पण त्यातून निघणारा निरोप होता की आलात तर बघून घेऊ. जानेवारी १९९९ मध्ये तर मुंबईत बोर्डाच्या ऑफिसात घुसून तोडफोड झाली, १९८३ च्या वर्ल्ड कपची ट्रॉफीसुद्धा त्यात सापडली, आणि तेव्हा राज्यात सरकार शिवसेनेचंच होतं. ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं खेळाडूंना भीती दाखवणं आणि ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांनी मैदानाच्या मध्यात जाऊन मार खाणं, हे मला एक वाटत नाही. हेनवर पुढे लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात खटला चालला, १९७२ मध्ये दोषी ठरून दंड झाला. तो नाव लपवून पळाला नव्हता.

आणि एक गोष्ट, जी मला नेहमी विचारात पाडते. १९९१ ला पाकिस्तान येणार नाही म्हटल्यावर जी जागा मोकळी झाली, तिथे नोव्हेंबरमध्ये आली कोण? दक्षिण आफ्रिका. क्लाइव्ह राइसची टीम, १० नोव्हेंबर, ईडन गार्डन्स, एकवीस वर्षांनी पहिली आंतरराष्ट्रीय मॅच. एका महिन्यात एक दार बंद झालं आणि दुसरं उघडलं. दुसरं उघडलं कारण तिकडचे वर्णभेदाचे कायदे मोडीत निघाले होते आणि ज्यांनी बहिष्कार मागितला होता त्यांनीच आता या म्हटलं. बहिष्कार कधी संपणार हे ठरलेलं असलं पाहिजे, आणि १९९१ च्या वानखेडेला तसं काहीच नव्हतं.

सायकलवाली

व्हुएल्टावरून धागा सुरू झाला पण सायकलबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. मी स्वतः रेस करते, छोट्या. घोळक्यात चालवताना पुढच्याच्या चाकापासून तुमचं चाक वीतभर अंतरावर असतं, वेग चाळीस-पन्नास, समोर रस्त्यावर काय आहे ते दिसतच नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते. कोणीतरी एक पाऊल पुढे टाकलं की पहिला कसाबसा वाचतो, आठवा-दहावा पडतो, आणि त्याच्यावर बाकीचे. अंगावर लायक्राशिवाय काही नसतं. कॉलरबोन तुटणं हे तर आमच्याकडे नेहमीचं. त्या व्हुएल्टात दहाव्या टप्प्यात मोव्हिस्टारचा हाविएर रोमो असाच पडला आणि नंतर त्याला शर्यत सोडावी लागली. तो स्पॅनिश टीमचा स्पॅनिश मुलगा, त्याचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नाही.

गाझात जे चाललंय ते बघून मलाही झोप लागत नाही. पण माद्रिदला जे झालं आणि दहाव्या टप्प्यात जे झालं ते वेगळं काढलं पाहिजे. माद्रिदला रस्ता लोकांनी आधीच भरून टाकला, शर्यत थांबवली, कोणी धडकलं नाही. ते मला मान्य आहे. चालत्या घोळक्यात शिरणं मला कधीच मान्य होणार नाही, झेंडा कुठलाही असो.

अथेन्स ऑलिंपिकची मॅरेथॉन आठवते का, २००४? ब्राझीलचा व्हांडरलेई दे लिमा पुढे होता आणि एका माणसानं, नील होरान त्याचं नाव, त्याला ढकलत गर्दीत नेलं. बायबलचा संदेश द्यायचा होता म्हणे त्याला. आदल्या वर्षी तोच सिल्व्हरस्टोनला चालू फॉर्म्युला वन रेसच्या ट्रॅकवर पळाला होता. दे लिमाला शेवटी ब्राँझ. सोनं मिळालंच असतं असं नाही म्हणत, पण ते आता कधीच कळणार नाही.

पुणे_चेन्नई

नोकरीनिमित्त दहा वर्षं चेन्नईत होतो, २०१८ चं सांगतो. सुप्रीम कोर्टानं कावेरीच्या पाणीवाटपाचं मंडळ नेमायला दिलेली मुदत मार्चअखेर उलटून गेली, केंद्र हलत नव्हतं, डेल्टातले शेतकरी बसलेले, आणि त्याच वेळी दोन वर्षांच्या बंदीनंतर सीएसके, म्हणजे आयपीएलची चेन्नई सुपर किंग्ज, घरी परत येत होती. लोकांचं म्हणणं होतं की पाण्यासाठी राज्य पेटलंय आणि तुम्ही शिट्ट्या कसल्या मारताय. १० एप्रिलला चेपॉक स्टेडियमबाहेर जॅम, पिवळे टीशर्ट घातलेल्यांना मारहाण, आत मैदानावर चप्पल-बूट फेकले. जडेजा-डुप्लेसीच्या आसपास पडले. उरलेल्या सगळ्या होम मॅच उचलून नेल्या आमच्या पुण्याला, गहुंजेला. तिथून फॅन लोक स्पेशल ट्रेन करून आले.

आता पुढचं बघा. पुण्यात मॅच आल्यावर इकडे मुंबई हायकोर्टात पवनेच्या पाण्याचा मुद्दा निघाला आणि कोर्टानं गहुंजेच्या मैदानासाठी नदीचं पाणी उपसायला मनाई केली. कावेरीच्या पाण्यावरून हललेली मॅच पवनेच्या पाण्यापाशी येऊन अडकली. कावेरीचं प्राधिकरण जूनमध्ये झालं, ते बूट फेकल्यामुळे झालं असं मला तरी वाटत नाही, ते कोर्टाच्या रेट्यानं झालं. पण त्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या चॅनेलांना कावेरी शब्द पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारावा लागला तो चेपॉकमुळे, हेही खरं आहे. डेल्टातला शेतकरी महिनोन्महिने दिल्लीत आंदोलन करून जे मिळवू शकला नव्हता ते एका रात्रीत झालं. चिडचिड होते पण नाकारता येत नाही.

वकिलीण

२०१६ विसरलात का सगळे? लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि इथे आयपीएलच्या पिचवर पाणी मारणार होते. कोणी पिच खणलं नाही, कोणी मैदानात पळालं नाही. जनहित याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ३० एप्रिलनंतरच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्या. मॅच बाहेर गेल्या, फायनलसकट. एकाही प्रेक्षकाला चप्पल लागली नाही. मला विचाराल तर मॅच थांबवायचीच असेल तर ती अशी.

उन्हाळा२०५०

हवामानाच्या चळवळीत मी काम करतो म्हणून उलट बाजू मांडतो. ताई, कोर्टात जायला एक मैदान, एक नदी, एक राज्य लागतं. तापमानवाढीला कुठल्या कोर्टात उभं करायचं? लॉर्ड्सला जून २०२३ ला केशरी पावडर घेऊन जे दोघं आले, त्यातल्या एकाला इंग्लंडच्या बेअरस्टोनं उचलून बाउंड्रीबाहेर नेलं, पाच-सहा मिनिटांत खेळ सुरू. पिचला काही झालं नाही. सिडनीला नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याच मॅचला दोघं अदानीच्या कोळसा खाणीविरुद्ध फलक घेऊन आत आले, स्टेट बँकेनं त्याला एक अब्ज डॉलर कर्ज देऊ नये म्हणून. शांतपणे उभे राहिले, बाहेर नेलं, संपलं. त्या फलकामुळे इकडे किती लोकांनी पहिल्यांदा विचारलं की आपल्या बँकेतला पैसा कुठे जातोय! थर्डमॅन, तुमच्या संबंधाच्या निकषावर हे नापास होतं, क्रिकेटचा कोळशाशी काय संबंध म्हणाल. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी मैदानात उतरून बघा संबंध आहे का. आणि ज्यांचं नुकसान सगळ्यात जास्त होणार आहे ती पोरं अजून मतदानाच्या वयाचीसुद्धा नाहीत.

थर्डमॅन

उन्हाळा, सिडनीचं मला चालतं. हळू चालत आत येणं, हातात फलक, कोणाच्या जवळ न जाणं, नाव सांगून अटक करून घेणं. पण अहमदाबादला २०२३ च्या फायनलमध्ये तो माणूस थेट कोहलीच्या खांद्यावर हात टाकायला गेला ते नाही चालत. टीशर्टवर पॅलेस्टाइनबद्दल जे लिहिलं होतं ते कोहलीला पाठीमागून कसं दिसणार? १९९३ ला हॅम्बर्गमध्ये मोनिका सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला तेव्हा तीपण बाकावर बसून पाणी पीत होती, दोन वर्षांहून जास्त काळ कोर्टवर परतली नाही. जवळ येणारा हात कसला आहे हे खेळाडूला कळायला मार्ग नसतो. आणि २०२२ ला सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर जे पाच जण जाऊन बसले ते केवळ त्याच वेळी पहिल्या लॅपला मोठा अपघात होऊन रेस थांबवली होती म्हणून जगले.

गल्लीक्रिकेट

ऑकलंडकर, थर्डमॅनचा नियम लावला तर तुमच्या १९८१ मधलं ते विमान कुठे बसतं? शेवटच्या टेस्टला ऑकलंडच्या ईडन पार्कवर वरून पिठाच्या पिशव्या टाकल्या ना?

ऑकलंडकर

हो, १२ सप्टेंबरला. छोटं सेस्ना विमान घिरट्या घालत खाली यायचं आणि पिठाची पुडकी सोडायचं, त्यातलं एक गॅरी नाइटला लागलं आणि तो आडवा झाला. विमान गोलपोस्टच्या इतकं जवळून जात होतं की जरा चुकलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. ते चूक होतं. मी सगळं आंदोलन मानतो, पण ते चूक होतं.

पण एवढ्यावर सुटत नाही. हॅमिल्टनची मॅच रद्द होण्यामागे मैदानातल्या लोकांइतकंच अजून एक कारण होतं, एका माणसानं विमान पळवलंय आणि स्टेडियमकडे निघालाय असा निरोप पोलिसांना मिळाला होता. म्हणजे ज्या दिवसाचं मी वर एवढं कौतुक केलं तो दिवससुद्धा पूर्ण स्वच्छ नाही. विमान वजा केलं तर कदाचित मॅच झाली असती.

वकिलीण

मग तिथलाच १९८५ चा खटला बघा. ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडची रग्बी टीम, दक्षिण आफ्रिकेत जाणार होते, दोन वकील, जे स्वतः ऑकलंडच्या क्लबांचे सभासद होते, कोर्टात गेले की हा दौरा रग्बीच्याच हिताविरुद्ध आहे आणि संघटनेच्या घटनेत खेळाचं हित जपायचं लिहिलंय. कोर्टानं अंतरिम मनाई दिली आणि दौरा बारगळला. विमान नाही, पीठ नाही, लाठी नाही.

ऑकलंडकर

तो खटला इथे सगळ्यांना माहीत आहे ताई. पण विचार करा, १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत काळ्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारानंतर काही दिवसांतच हेच ऑल ब्लॅक्स तिकडे दौऱ्यावर गेले, आणि त्या वर्षी आफ्रिकन देशांनी माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला तरी इथल्या संघटनेनं कोणाचं ऐकलं नव्हतं. तेव्हाही घटना होती, कोर्टं होती, वकील होते. मध्ये १९८१ घडलं. त्यानंतर "रग्बीचं हित" म्हटलं की न्यायाधीशासमोर हॅमिल्टन आणि पोलिसांच्या लाठ्या उभ्या राहत असणार, तुम्ही ते वेगळं कसं काढणार?